छातीवरची नऊ बोटं

या सदरातल्या दोन-तीन अनुभवांखाली मी स्वतः खवचट प्रतिसाद दिलेले आहेत. एकाला तर "जेवण हलकं ठेवा, सगळं दिसायचं बंद होईल" असं लिहिलं होतं. त्या गृहस्थांची आज माफी मागतो. भूत, करणी, बाहेरची बाधा यांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही 'विश्वास' हा शब्द वापरायला जीभ अडखळते. पण जे झालं ते माझ्या अंगावर झालं... आणि त्यातला माझा गुन्हा सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही. म्हणून इतकी वर्षं गप्प होतो.

आमचं घर वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ. धाम नदीच्या बाजूला अडीच एकर भाजीपाला. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, उन्हाळ्यात कोहळं. मी, बायको सुनंदा, दोन मुली आणि बाबा. आई आधीच गेली होती. माझं वय तेव्हा अडतीस. माझ्या उजव्या हाताची करंगळी नाही – विशीत असताना कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे त्याचं काम पडेल.

बाबांचा एक नियम होता. वांग्यावर औषध फवारलं की त्या तुकड्याच्या तोंडाशी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर कोणी एक वांगंही तोडायचं नाही, घरच्या भाजीलाही नाही. चिंधी बांधणारे बाबा आणि सोडणारेही बाबाच. आजूबाजूचे लोक हसायचे. "बाप्पा, तुमच्या वांग्याले सुतक लागलं का?" म्हणायचे. बाबा म्हणायचे, "खाणाऱ्याले लागू नये म्हणून."

ही गोष्ट दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी घडली. हिवाळा होता. वांग्याला भाव चांगला होता आणि शेंड्यात अळी पडली होती. बाबांनी संध्याकाळी फवारलं, चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चिंधी सोडून खिशात घातली आणि चार टोपली वांगी तोडली. धुऱ्यावर – म्हणजे आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात – टोपली मांडत होतो, तेवढ्यात बाबा आले. दिवस चांगला वर आला होता.

"चिंधी कुठी हाये?"

त्यांनी माझ्या खिशातून बाहेर आलेलं लाल टोक पाहिलं. मग शांतपणे पहिलं टोपलं उचललं आणि पाटाच्या पाण्यात पालथं केलं. दुसऱ्याला हात घातला.

"बाबा, सरका."

"लोकाइच्या लेकराले जहर चारतं का बे तू?"

"समदे चारून राह्यले! तुमीच एक साधू!"

ते दुसऱ्या टोपल्यासमोर उभे राहिले. मी दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवून ढकललं. सरकवलं नाही, ढकललं. जोरात. ते पाठीवर पाटात पडले. मान मागच्या काठावर आपटली. बासष्ट वर्षांचा माणूस. त्यांनी उठून धोतर पिळलं, मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता घरी निघून गेले. मी उरलेली तीन टोपली सायकलला बांधून वर्ध्याच्या बाजारात विकून आलो. ती वांगी कोणी खाल्ली, त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. तेही माझ्याच नावावर आहे.

तिसऱ्या दिवशी बाबांना चक्कर आली. उलट्या, जीभ जड, उभं केलं की डावीकडे कोसळायचे. वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव देत नाही, कारण दवाखान्याची काहीच चूक नव्हती. डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या मागच्या भागात, जिथून शरीराचा तोल सांभाळला जातो तिथे, रक्त पोचलं नव्हतं. लकवाच, पण हातापायांचा नाही, तोलाचा.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला विचारलं, "गेल्या आठ-दहा दिवसांत पडले होते का? मानेला हिसका, मार?"

त्यांनी कारणही सांगितलं. मानेतून मेंदूकडे जाणारी नस कधी कधी हिसक्याने आतून फाटते, दोन-तीन दिवसांनी असा झटका येऊ शकतो. तसं असेल तर मानेची वेगळी तपासणी करावी लागेल, औषधं बदलावी लागतील.

बाबा पलंगावर होते. त्यांचे डोळे उघडे होते. मी म्हणालो, "नाही मॅडम. असं काहीच नाही."

त्यांनी लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी बाबा बसू लागले, चमच्याने खाऊ लागले, बोलणं जाडं पण समजेल असं झालं. उभं राहणं मात्र नाही. आणि माझा हात तर त्यांना अंगाला लागलेला चालायचा नाही. मी आधार द्यायला गेलो की म्हणायचे, "हट. सुनंदाले बलाव." मुलींसमोर, पाहुण्यांसमोर, कुठेही. सुनंदाला वाटायचं, आजारपणाचा चिडचिडेपणा आहे. मला माहीत होतं काय आहे ते.

मग मॅडमनी बोलावणं धाडलं. त्यांच्याकडे एक नवीन मशीन आलं होतं. बॅटरीवर चालणारी छोटी पेटी, दोन तारा, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. एक स्पंज डोक्याच्या मागे, एक खांद्यावर. अगदी हलकी वीज वीस मिनिटं मेंदूच्या त्या भागात सोडायची आणि त्याच वेळी पेशंटला उभं करून तोलाचा सराव द्यायचा. काहींना फायदा होतो, काहींना नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पंधरा दिवस, रोज साडेतीन वाजता. सहीच्या कागदावर पुन्हा तोच प्रश्न होता – मानेला इजा? मी पुन्हा 'नाही' लिहिलं. खाली सही केली.

खोलीत जमिनीवर एक चौकोनी पाट होता, वजनकाट्यासारखा, त्याची तार कॉम्प्युटरला. पेशंटचा भार कुठे सरकतोय ते पडद्यावर एका ठिपक्याने दिसायचं. व्यायाम घेणारे राऊतभाऊ म्हणून होते, हिंगणघाटकडचे, सतत मस्करी. त्यांनी बाबांच्या कमरेला जाड पट्टा बांधला आणि मला मागे उभं केलं.

"लेक मांगं उभा हाये काका, आता कायचं भेव?"

बाबा म्हणाले, "त्याचंच."

राऊतभाऊ खो खो हसले. मी पण हसलो. काय करणार.

पेटी सुरू झाली. "डोक्यात मुंग्या चालून राह्यल्या," बाबा म्हणाले. पण उभे राहिले! तीन महिन्यांत पहिल्यांदा. पडद्यावरचा ठिपका कोंबडीनं उकरावं तसा इकडेतिकडे फिरत होता, हळूहळू मधोमध येऊ लागला. दहा मिनिटं झाली. आणि मग अकराव्या मिनिटाला बाबा एकदम मागे फेकले गेले, थेट माझ्या हातांत. तोल जाणारा माणूस आधी झुकतो, सावरायला बघतो. तसं नव्हतं. त्यांची पाठ माझ्या तळव्यांवर आदळली, तेव्हा तो धक्का मला ओळखीचा वाटला. किती जोराचा होता, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. अकरावं मिनिट. मॅडमनी स्पंज बदलले, तारा तपासल्या, बाबांना तोंड फिरवून उभं केलं. कागदावर छापून आलेली रेघ त्यांनी मला दाखवली. गुंता, गुंता, मग ठिपका शांत, आणि एकदम मागे सरळ रेघ.

"पेशंट आपणहून पडतो तेव्हा असं येत नाही," त्या म्हणाल्या. "असं बाहेरून कोणी ढकललं तरच येतं."

राऊतभाऊ म्हणाले, "काका, कोन ढकलते तुमाले?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

पाचव्या दिवशी मॅडमनी आम्हाला न सांगता पेटीचा दिवा लावला, पण वीज सोडली नाही. तपासायला. त्या दिवशी बाबा नेहमीसारखे लटपटत राहिले, पण फेकले गेले नाहीत. सहाव्या दिवशी वीज सोडली – अकराव्या मिनिटाला पुन्हा माझ्या हातांत. म्हणजे वीज सुरू असली तरच. मॅडम म्हणाल्या, अजून एक-दोन दिवस बघू, नाहीतर बंद करावं लागेल. पेशंटला धोका नको. बाबा पहिल्यांदा उभे राहू लागले होते आणि ते बंद होणार होतं.

सातव्या दिवशी मी गेलो नाही. त्या आठवड्यात शेतीची लाइन दुपारी तीनला यायची आणि वांगी पाण्यावाचून माना टाकत होती. सुनंदा बाबांना ऑटोने घेऊन गेली. मी मोटर सुरू केली आणि पाणी वळवत त्याच धुऱ्यावर येऊन उभा राहिलो. ऊन लख्ख होतं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. समोर वांग्याची ओळ, मागे पाट.

मी हातात फावडं धरून उभा होतो आणि माझ्या छातीवर दोन तळवे टेकले.

वारा नाही, चक्कर नाही. तळवे. गरम, खरबरीत, कामाच्या माणसाचे. टेकलेले मला नीट कळले, कारण ते क्षणभर थांबले... आणि मग त्यांनी ढकललं. मी पाठीवर पाटात पडलो. फावडं उडालं. उठलो तेव्हा आधी घड्याळ पाहिलं, पाणी गेलं का म्हणून. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

संध्याकाळी सुनंदा आली ती ऑटोतूनच ओरडत. "ऐकलं का! आज पुरे वीस मिनिटं उभे राह्यले! कोनीच ढकललं नाई!" मुली नाचत होत्या. मी ओला सदरा काढत होतो. सुनंदा जवळ आली आणि थांबली.

"हे काय हो छातीवर?"

लाल वळ होते. तळव्यांचे, बोटांचे. तिने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, मुलींना खेळवताना मोजतात तसं हसत. एका बाजूला पाच. दुसऱ्या बाजूला चार. तिचं हसू गेलं. तिने माझा उजवा हात धरून वर उचलला आणि त्या चार वळांशेजारी नेला. उलटा. समोरून कोणी ढकलतं तेव्हा ज्या बाजूला येईल, त्या बाजूला. करंगळीची जागा मोकळी होती.

"कोनाले ढकललं तुमी?" तिने हळू आवाजात विचारलं.

मी सगळं सांगितलं. चिंधी, टोपलं, पाट, मॅडमचा प्रश्न. शेवटी म्हणाली, "तीन महिने मी त्याइचं हागनं-मुतनं काढून राह्यली. आन् तुमी डाक्टरले खोटं सांगून मोकळे? उद्याच्या उद्या सांगा."

मी सांगितलं नाही. मी म्हणालो, सांगितलं तर उपचार बंद होईल. हे खरंही होतं आणि सोयीचंही. ती त्या दिवसापासून महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आठव्या दिवशी मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. मनाची समजूत घालायला, की सगळा योगायोग आहे. अकराव्या मिनिटाला बाबा माझ्या हातांत येऊन आदळले. नवव्या दिवसापासून मी ठरवलं. रोज साडेतीनला फावडं न घेता त्या धुऱ्यावर जाऊन उभा राहायचो, पाटाकडे पाठ करून. सात दिवस. सातही दिवस ढकलला गेलो. एकदा वाकून उभा राहिलो, एकदा खुंटी रोवून धरली, तरी पडलो. एकदा भीतीने रडलो, तेही लिहून ठेवतो. आणि रोज संध्याकाळी बातमी यायची – बाबा वीस मिनिटं उभे. बाबा चार पावलं. बाबा खोलीच्या दारापर्यंत.

मशीनचे पंधरा दिवस संपल्यावर धक्का थांबला. माझाही, त्यांचाही.

साधारण महिन्याने, सकाळी मी शेतात होतो. पाहतो तर बाबा एकटे, काठी टेकत धुऱ्यावरून येत आहेत. एक फूट रुंद धुरा, दोन्ही बाजूंनी चिखल. मी धावलो.

"तिथंच थांब," ते म्हणाले.

मी थांबलो. ते एकेक पाऊल टाकत वांग्याच्या तुकड्याच्या तोंडाशी आले. बगलेतली दुसरी छोटी काठी काढून जमिनीत रोवली, खिशातून लाल चिंधी काढली. गाठ तीनदा सुटली. मी पुढे होण्याची हिंमत केली नाही. चौथ्यांदा बसली.

"बाबा, आपण फवारलं नाई इथं."

"मले मालूम हाये."

मग मी न राहवून विचारलं. इतक्या दिवसांचं छातीत अडकलेलं. "बाबा, मशीनवर असताना... तुमी मले ढकलत होते का?"

ते काठी बगलेत धरून उभे राहिले आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडले. "मोज."

दहा बोटं होती.

मी त्यांना वळांबद्दल कधी सांगितलं नव्हतं. सुनंदाने शपथेवर सांगितलं, तिनेही नाही.

"धक्क्याचं मी तवाच सोडलं होतं," ते म्हणाले. "राग आला की मानूस ढकलते. मीबी माह्या बापाले ढकललं होतं. पन डाक्टरीनबाईनं इचारलं, अन् तू माह्या तोंडासमोर नाई म्हनलास. मी मेलो असतो तरी चाललं असतं तुले. तुयी इज्जत राह्यली पाह्यजे." मग चिंधीकडे बोट केलं. "हे मी सोडतो तवाच सुटन."

ते वळून आले तसे परत गेले. पडले नाहीत. मला त्यांच्यामागून चालू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी फाइल मागवली. माझी सही पाहिली.

"मानेची नस तपासल्याशिवाय मी यांना त्या पाटावर कधीच उभं केलं नसतं. रोज मागे आदळत होते ते! तुम्ही हातांनी झेलत होतात आणि तोंडाने खोटं बोलत होतात. काही झालं असतं तर?"

"पण ते बरे झाले मॅडम..."

"तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर जा."

वळांचं आणि धुऱ्याचं मी त्यांना सांगू शकलो नाही. सांगायची लायकी उरली नव्हती. मानेची तपासणी मग झाली. नस पूर्वी फाटून भरून आलेली होती. म्हणजे बाबांना जे झालं ते माझ्या हातांनी झालं, एवढं तरी कागदावर नक्की झालं.

बाबा पुढे पाच वर्षं जगले. काठीने पवनारच्या नदीपर्यंत जाऊन यायचे. माझ्या हातच्या शेतातली भाजी त्यांनी एकदाही खाल्ली नाही. सुनंदा त्यांच्यासाठी बाजारातून आणायची. आमच्याकडे भाजी पिकते आणि आमच्या घरात भाजी विकत येते, यावर गाव हसायचं. दर वर्षी चिंधी विटली की ते स्वतः नवीन बांधायचे. त्या तुकड्यात मी काही लावलं नाही.

मी नंतर दोन-तीन डॉक्टरांना नाव न घेता विचारलं. एक म्हणाले, अपराधाच्या भावनेने माणसाच्या अंगावर वळ उठू शकतात. असेल. मग त्या कागदावरच्या रेघेचं काय? ती मशीनने काढली होती, तिला कुठला अपराध? ते कागद राऊतभाऊंनी मला दिले होते. आजही कपाटात आहेत. सहा दिवस सरळ मागे गेलेली रेघ, आणि नऊ दिवस नाही. त्या नवांपैकी एक विजेविना गेलेला आणि आठ मी धुऱ्यावर होतो ते. सातवा, धुऱ्यावर गेलेला दिवस आणि आठवा, परत दवाखान्यात गेलेला दिवस, दोन्ही त्यांत बरोबर आपापल्या जागी बसतात. मी कितीदा पडताळलंय.

बाबा गेल्याच्या तेराव्या दिवशी मी साडेतीनला धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो, पाटाकडे पाठ करून, सदऱ्याची बटणं उघडी टाकून. चार वाजेपर्यंत. नंतरही पुष्कळदा गेलो आहे. कोणी ढकलत नाही.

बाबांनी बांधलेली शेवटची चिंधी यंदाच्या पावसात कुजून गळून पडली. सुनंदा म्हणाली, आता तरी तिथं वांगी लावा. मी घरातून लाल कापड फाडून नेलं आणि काठीला बांधलं. करंगळी नसल्यामुळे मलाही गाठ मारताना त्रास होतो. चौथ्यांदा बसली.